हळद लावलेलं यंत्र

अवधूतनं नाक चिमटीत धरलं, मान वर केली आणि घशातून असा काही किर्रर्र आवाज काढला की मयूरी हसता हसता चटईवर आडवी झाली.

"ही त्यांची आरती," सम्मेद म्हणाला. "पिवळ्या लोकांचा म्हातारा राजा, किर्रबाबा, रोज संध्याकाळी यंत्रापुढं बसतो, किर्रर्र करतो आणि उत्तराची वाट बघतो. शंभर वर्षं झाली. उत्तर येत नाही."

"तरी किर्रबाबा उठत नाही?" मयूरीनं विचारलं.

"उठत नाही."

पुन्हा किर्रर्र. पुन्हा हशा. या वेळी सम्मेदही हसला.

जिन्याच्या वरच्या पायरीवर त्याची आई चंदनबाला उभी होती, हातात भडंगाच्या ताटल्या घेऊन. तिचा राग सांगलीच्या हळदपेठेत सगळ्यांना ठाऊक होता. ती रागावली की चुलीवरचं उतू चाललेलं दूध परत खाली बसतं, असं लोक सांगत. आणि ज्यांनी कधी पाहिलं नव्हतं ते जास्त खात्रीनं सांगत. आत्ता ती कान देऊन ऐकत होती. त्या आवाजाशी तिची ओळख होती. सहा वर्षं तो तिच्या मागून चालत आला होता. भाजी घेताना, जैन मंदिरातून परतताना, लग्नाच्या पंगतीत. पण तो बाहेर असायचा. आज तो माडीवर चढून आला होता आणि तिच्याच चटईवर बसला होता.

सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा जवाहर, हळदीचा व्यापारी, पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर घेऊन आला. टेम्पोत चौघं जण त्याला धरून बसले होते, नवरीला आणावं तसं. सोबत फोनला जोडायची एक काळी डबी होती. जवाहरचं म्हणणं साधं होतं: सांगली, तासगाव, कराड, तिन्हीकडं एकेक यंत्र ठेवायचं, संध्याकाळी प्रत्येकानं आपला भाव टंकायचा, तो फोनच्या तारेतून बाकीच्यांच्या पडद्यावर उमटणार. दलालाच्या तोंडाकडं बघायला नको. त्या दसऱ्याला त्यानं सगळी पेठ दुकानात बोलावली, पेढे वाटले आणि कराडचा नंबर लावला. तिथं चंदनबालाचा सख्खा भाऊ आप्पासो दुसरं यंत्र घेऊन बसणार होता. डबी किर्रर्र करत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा किर्रर्र. कराडातून काहीच आलं नाही. आप्पासो आंघोळीला गेला होता, असं मागाहून कळलं. सकाळी सुरू झालेली ती आंघोळ दुपारची पेठ उठेपर्यंत चालली. कृष्णा-कोयनेच्या संगमाचं पाणी त्या दिवशी वीतभर खाली गेलं असणार. पेढा तोंडात असतानाच लालासाहेब अडत्यानं नाव ठेवलं, "किर्रशेठ", आणि दुसऱ्या दिवसापासून हमालांपासून सौद्यात भाव पुकारणाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं.

जवाहर हसायचा. कुणी किर्रर्र केलं की मान हलवून हसायचा. तेच चंदनबालाला सोसत नव्हतं. तिनं मात्र तेव्हापासून भाऊबिजेला कराडची वाट धरली नव्हती.

"काय खेळताय?" तिनं विचारलं. ताटल्या अजून हातातच होत्या.

सम्मेद सावरून बसला. "काही नाही गं. आमचा खेळ आहे. प्रलयानंतरचा."

अवधूत मूळचा वाईचा, कराडच्या कॉलेजात सम्मेद आणि मयूरीच्या वर्गात. कुणालाही काहीही समजावून सांगायची त्याला हौस होती.

"काकू, असं आहे. वरचं धरण फुटलं आणि सगळं जग बुडालं. उरलेली माणसं डोंगरांवर राहतात. कुठं कुठं जुने कॉम्प्युटर शिल्लक आहेत. रेल्वेच्या तारांनी ते एकमेकांना जोडले की जग पुन्हा बोलायला लागणार. आम्ही दोघं ते शोधत फिरतो. मी तारवाला, मयूरी लेखनिक. सम्मेद गोष्ट सांगतो, आम्ही काय करणार ते आम्ही सांगतो, आणि जमलं की नाही ते फासा ठरवतो. चार, पाच, सहा पडले तर जमलं. माझ्या मामेभावानं परदेशातून पुस्तक आणलंय, त्याची ही झेरॉक्स. जग मात्र सम्मेदचं."

"आणि पिवळी माणसं कोण?"

मयूरीनं ओढणी सारखी केली. सम्मेद चटईवर पसरलेल्या नकाशाकडे बघत राहिला.

"नदीकाठची एक जमात," तो म्हणाला. "त्यांच्याकडं एक यंत्र आहे. ते काय आहे हे त्यांना माहीत नाही. दर वर्षी ते त्याला पुसतात, हळद लावतात, हार घालतात. जमिनीत बिळं करून राहतात."

"बिळं?"

"पेवं, आई. हरिपुरात आहेत तशी पेवं."

खंडेनवमी होती. माडीच्या कोपऱ्यात स्टुलावर तो कॉम्प्युटर होता. दुकानातला तराजू, मापं, जवाहरची स्कूटर यांच्या बरोबरीनं चंदनबालानं सकाळी त्यालाही ओल्या फडक्यानं पुसलं होतं, काचेवर हळदीची पाच बोटं ओढली होती आणि झेंडूचा हार घातला होता. हळद अजून पुरती सुकली नव्हती.

"आणि काकू," अवधूत म्हणाला, "सम्मेदनं सांगितलंच असेल. गॅदरिंगला आमचा स्टॉल आहे ह्या खेळाचा. हा देव आम्ही मधोमध मांडणार. तेवढी हळद पुसू नका हं. हार पण राहू दे. लोकांना लय मजा येईल."

'लय' हा शब्द तो सांगलीत आल्यावरच वापरायचा, पाहुण्यानं यजमानाची चप्पल घालावी तसा.

चंदनबालानं ताटल्या खाली ठेवल्या. इतक्या हळू ठेवल्या की आवाजच झाला नाही, आणि सम्मेद चटईवर जरा मागं सरकला.

"कवा न्यायचा?"

"आजच. पाचची एसटी आहे."

"तुज्या बाबास्नी विचारलंस?"

"ते नाही म्हणणार नाहीत," सम्मेद पुटपुटला.

"न्हाईच म्हणायचे. त्येंनी आजपातुर कुणाला न्हाई म्हटलंय?" तिनं पदर खोचला आणि चटईवर मांडी घातली. "खेळून न्या."

"म्हणजे?"

"तुमच्या खेळात त्या लोकांकडनं यंत्र कसं नेणार हायसा? फासा टाकूनच न्हवं? मग टाका. पिवळ्यांच्या बाजूनं मी बसते, त्येंची म्हातारी म्हणून. जिंकलासा तर हारासकट उचला. जिन्यापातुर मीच धरू लागते. हरलासा तर हात लावायचा न्हाई."

अवधूतला हसू आवरेना. "वा काकू! मान्य."

"आई, असं नसतं—"

"तू पंच हायस न्हवं? मग पंचासारखा बस. लेकासारखा बसू नगंस."

सम्मेदनं घसा साफ केला. तारवाला आणि लेखनिक नदीकाठी पोचलेत, तो सांगू लागला. ओसाड रान. जमिनीत दगडांनी मिटलेली तोंडं. एका तोंडापाशी एक म्हातारी बसली आहे.

"आम्ही व्यापारी आहोत असं सांगतो," अवधूत म्हणाला. "यंत्राच्या बदल्यात मीठ देतो. पोतंभर."

फासा पडला. दोन.

"फसलं," चंदनबाला म्हणाली. "आता माझी पाळी. ह्ये चोर हायत म्हणून मी गाव गोळा करते आणि मीठ ठेवून घेते." तिनं फासा हातात घोळवला आणि टाकला तो असा की चटईवरून उडून ताटलीतल्या भडंगात जाऊन बसला. पाच. "ठेवा मीठ खाली."

"मीठ कसं काय—"

"पडलाय की फासा."

मयूरी आता हसत नव्हती. ती जरा पुढं सरकली. "मी आजींना एक विचारते. तुम्ही यंत्राला हळद का लावता?"

सम्मेद म्हणाला, "याला फासा लागत नाही. नुसतं विचारलंय."

"हळद लावली की कीड लागत न्हाई," चंदनबाला म्हणाली. मग अवधूतकडं बघून म्हणाली, "आणि न्हाई लावली तर कुणीबी येतंय आणि भंगार समजून उचलून नेतंय."

अवधूतनं फासा उचलला. तो आता रंगात आला होता. "ठीक आहे. गोडीनं नाही ना? मी मागच्या बाजूनं जातो आणि किर्रबाबाला धरतो. राजालाच."

सहा.

"सहा!" तो गुडघ्यावर उठला. एका हातानं त्यानं हवेतला म्हातारा धरला, दुसऱ्या हातात हवेतला कोयता. "मानेवर कोयता. तो घाबरून ओरडतोय." आणि त्यानं नाक चिमटीत धरलं. "किर्रर्र! किर्रर्र! सांग म्हातारे, यंत्र कुठं आहे?"

कुणी हसलं नाही. चंदनबाला अवधूतकडं बघतच नव्हती. त्याच्या बगलेत हवा होती तिथं बघत होती, जणू तिथं खरंच कुणीतरी धोतरातलं, टोपी पडलेलं माणूस लोंबत होतं.

"सोड त्येस्नी," ती म्हणाली. "सांगते."

"आधी सांगा."

"पेवात हाय. वर्षभर मिटलेलं हाय. मी वरची माती काढते. दगड सरकवते. ह्ये घे, झालं तोंड मोकळं."

सम्मेदनं मान वर केली.

पेव म्हणजे हळद साठवायला जमिनीत खणलेली कोठी. तोंड माणूस जाईल एवढंच, आत पोट खोलीएवढं. हळदीच्या घरातलं पोर पायावर उभं राहायच्या आत त्याला एक गोष्ट शिकवतात: नुकत्याच उघडलेल्या पेवात उतरायचं नाही, वाकून बघायचंसुद्धा नाही. आत वारं मेलेलं असतं. तोंड उघडं टाकून थांबायचं, मग दोरानं कंदील सोडायचा. पेटता वर आला तर माणूस खाली जाईल. हरिपुरात आजोबांनी सम्मेदला खांद्यावर बसवून विझलेला कंदील वर येताना दाखवला होता. तो किती तरी दिवस पाण्याच्या हौदातही डोकवायला तयार नव्हता.

त्यानं आईकडं बघितलं. आईनं त्याच्याकडं बघितलं नाही.

"जरा थांबतोस का?" ती अवधूतला म्हणाली. "वारं खेळू दे आत."

"थांबायचं कशाला? तेवढ्यात तुम्ही गाव गोळा करणार. मी दोर बांधला आणि लगेच उतरलो."

"बघ हं. म्हातारी सांगतीया."

"म्हातारीचं ऐकून तारवाला जगला असता होय? उतरलो!" त्यानं हात पुढं केला. "दे फासा. चारपासून पुढं हवेत ना?"

फासा सम्मेदच्या मुठीत होता. मयूरी त्याच्याकडं बघत होती, अवधूत बघत होता. फासा द्यावा, चार, पाच, सहा, काहीही पडावं. पाचची एसटी मिळेल, स्टॉल होईल, कॉलेजात वर्षभर नाव निघेल.

"फासा न्हाई," तो म्हणाला.

"काय न्हाई?" अवधूतनं त्याची नक्कल केली. मित्रांपुढं सम्मेद असं बोलत नसे.

"मेलास तू."

"काय?"

"वर्षभर मिटलेल्या पेवात वारं नसतंय. उघडल्या उघडल्या उतरला की माणूस वर येत न्हाई. आत पाय टेकायच्या आधीच जातोय. फासा कशाला टाकायचा?"

"हे नियमात कुठंय?" अवधूतनं झेरॉक्स उचलून फडफडवली. "दाखव. कुठल्या पानावर?"

"पानावर न्हाई. हरिपुरात हाय."

"मला कसं कळणार ते?"

"विचारायचं होतंस!" सम्मेदचा आवाज एवढा चढला की खालच्या गल्लीत कुणीतरी सायकल थांबवली. "काठावर म्हातारी बसली होती. थांब म्हणाली तुला. दोनदा म्हणाली. तू थांबला न्हाईस. का? तर ती पिवळी म्हणून!"

"ओरडतोस काय? पिवळी येडी आहेत असं तूच सांगितलंस ना?"

सम्मेदचे कान लाल झाले. अवधूतनं झेरॉक्स पिशवीत कोंबली, भडंगाला हात न लावता उठला आणि जिन्याशी जाऊन चपला शोधू लागला. चपला खाली दारातच होत्या हे त्याला रागात आठवेना.

"आईच्या पदराखाली बसून खेळ सांगत जा यापुढं," तो म्हणाला.

"मी काठावरच थांबले होते," मयूरी चंदनबालाला हळूच म्हणाली. "मी दोर वर ओढून घेते. काकू, येते."

"ये. आणि भडंग घेऊन जा. त्येलाबी दे. मेल्यावर भूक लागती."

दोघं गेले. गल्लीच्या तोंडापर्यंत अवधूतचा आवाज ऐकू येत होता.

आईचा राग उतरला असेल असं सम्मेदला वाटलं. तिनं ताटल्या एकात एक घातल्या, या वेळी आपटून.

"किर्रबाबा नाव कुणी ठिवलं?"

तो नकाशा सारखा करू लागला.

"मी कुणाला इचारतीया? भिंतीला?"

"मी."

"पेठेनं किर्रशेठ केलं. तू बाबा केलंस. बढतीच दिलीस की." ती जिन्याकडं वळली आणि थांबली. "त्ये आता येतील. आज काय खेळलासा ते त्येस्नी सांगायचं. सगळं. राजा, आरती, हसणं, समदं. एक शब्द गाळलास तर मी हाय."

जवाहर दिवस असतानाच घरी येत असे. त्यांच्या जैन घरात सूर्य बुडाला की जेवण नाही, पाण्याखेरीज काही तोंडात घालायचं नाही. टोपी खुंटीला लावून तो माडीवर आला. अंगाला आणि कपड्यांना हळदीचा पिवळा धुरळा बसलेला, भुवयाही पिवळ्या. त्यानं हार नीट केला आणि नकाशावर वाकला.

"ह्यो काय डाव हाय?"

सम्मेदनं सांगितलं. खाली स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज बंद होता. ती ऐकत होती. त्यानं धरण सांगितलं, डोंगर सांगितले, तारवाला, लेखनिक, पिवळी माणसं. मग किर्रबाबा सांगितला. शंभर वर्षं यंत्रापुढं बसलेला. त्याच्यावर ते कसे हसले तेही. सांगताना तो नकाशाचा कोपरा मोडत होता, उलगडत होता, पुन्हा मोडत होता.

जवाहर हळदीचा नमुना तळहातावर घेऊन बघावा तसा ऐकत होता. मान तिरकी, डोळे बारीक.

"पलीकडं कोण हाय?" त्यानं विचारलं.

"कुठं पलीकडं?"

"आरं, तारेच्या. ह्यो बाबा हिकडनं लावतोय. तिकडं कोण बसलंय?"

नकाशावर कराडच्या पुढं नुसता कागद होता.

"ते ठरवलं न्हाई," सम्मेद म्हणाला.

"मग जबाब येणार कसा गड्या? बाबाची काय चूक?" जवाहर यंत्रापुढं मांडी घालून बसला. "आणि आवाज चुकवलाय तुमी. लोकबी चुकवत्यात, मी काय बोलत न्हाई. किर्रर्र म्हंजे आपल्या डबीचा आवाज न्हवंच त्यो. तिकडं कराडात घंटी वाजतीया, ती हिकडं ऐकू येतीया. तुज्या मामाच्या घरातली घंटी. कुणीतरी उचलायचं. उचललं की तिकडनं शीळ येती, लांब, बारीक. ती आली की झालं, जोडलं गेलं." तो हसला. "मी ती पुण्यात एकदा ऐकलीया. लय ग्वाड असती."

जवाहरनं फासा उचलला.

"माजी एक पाळी. लावतो नंबर."

दोन पडले.

"न्हाई लागला," तो म्हणाला. "पुन्हा." आणि यंत्राकडं तोंड करून, नाक न धरता, अगदी हलक्या आवाजात त्यानं केलं, "किर्रर्र." थांबला. "किर्रर्र." थांबला.

"दिवस बुडाय लागलाय!" खालून चंदनबाला ओरडली. "जेवायचं हाय का उपाशी झोपायचं हाय सगळ्यांनी?"

"आलो, आलो. घंटी जातीया."

"कसली घंटी? ताटं वाढलीत, निवाय लागलीत!"

जिना दणाणला. हातात पळी घेऊन ती वर आली आणि दारातच उभी राहिली. खिडकीतून येणारं तांबूस ऊन यंत्राच्या काचेवरच्या पाच बोटांवर पडलं होतं. नवरा पाठमोरा बसलेला. "किर्रर्र," तो म्हणाला, आणि पुन्हा थांबला. पळी धरलेला तिचा हात वर गेला होता तो तिथंच राहिला.

फासा चटईवर तसाच होता, दोन ठिपके वर. सम्मेदनं त्याच्याकडं बघितलं नाही. त्यानं ओठांचा चंबू केला. पहिल्यांदा नुसती हवाच आली. मग शीळ आली, बारीक, लांब, कापरी.

जवाहरची पाठ ताठ झाली. तो वळला नाही.

"ऐकलंस का गं," तो यंत्राकडंच बघत म्हणाला, "आप्पासोची आंघोळ झाली."

चंदनबालानं पळी खाली केली. खिडकीतलं ऊन काचेवरून वर सरकलं, हारावर आलं आणि गेलं. दिवस बुडाला. ती खाली गेली आणि वाढलेल्या तिन्ही ताटांवर एकेक करून झाकण ठेवलं. तेही आपटूनच.